‘स्टेबल’ म्हणून गळ्यात मारलेला पोर्ट

रिस्क-फाइव्ह (इंटेलपेक्षा वेगळ्या, खुल्या रचनेचा) प्रोसेसर असलेला सर्व्हर कोणी ‘डेबियन १२ स्टेबल, प्रॉडक्शनसाठी तयार’ म्हणून विकत असेल तर तिथूनच मागे फिरा. डेबियन ही लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिम, आणि ‘स्टेबल’ म्हणजे तिची तपासून अधिकृतपणे जाहीर केलेली आवृत्ती. असं काही नाहीच. डेबियन १२, म्हणजेच ‘बुकवर्म’, आलं जून २०२३ मध्ये. रिस्क-फाइव्हचा पोर्ट, म्हणजे या प्रोसेसरसाठी बनवलेलं डेबियन, अधिकृत आर्काइव्हमध्ये (डेबियनच्या पॅकेजेसच्या साठ्यात) घेतला तोच त्यानंतर, जुलैत. त्याचं पहिलं स्टेबल रिलीज म्हणजे ऑगस्ट २०२५ चं डेबियन १३. आम्हाला मात्र एका विक्रेत्याने ‘डेबियन १२ स्टेबल’ म्हणून असं मशीन विकलं २०२४ च्या सुरुवातीला.

लबाडी पद्धतशीर होती. सिस्टिमची आवृत्ती सांगणारी ओएस-रिलीज ही साधी टेक्स्ट फाइल. तीत ‘बुकवर्म’ लिहून ठेवलेलं. पॅकेजेस विक्रेत्याच्या मिररवरून (पॅकेजेसची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) यायची आणि तो मिरर म्हणजे अनस्टेबलची, म्हणजे डेबियनच्या अजून घडत असलेल्या आवृत्तीची, गोठवलेली प्रत. त्यामुळे अपडेट मारलं की दरवेळी ‘सगळं अद्ययावत’. डेमोत लांबलचक अपटाइम (मशीन न थांबता चालल्याचा काळ) कौतुकाने दाखवला होता. इतके महिने रीबूट नाही, म्हणजे इतके महिने नवा कर्नलही (सिस्टिमचा गाभाही) नाही!

बिंग फुटलं १ जुलै २०२४ ला. सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅममधलं ‘रिग्रेसएसएसएच’ हे सुरक्षेचं भगदाड जाहीर झालं. इंटेलच्या मशीनवर पॅच आला, याच्यावर काहीच नाही. ओपनएसएसएचची आवृत्ती पाहिली तर ९.६पी१. बुकवर्ममध्ये असतं ९.२पी१. म्हणजे हे बुकवर्म नव्हतंच.

मग खणत गेलो. डेटाबेस विक्रेत्याने स्वतः सोर्स कोडपासून बिल्ड केलेला, तोही ‘नोचेक’ लावून, म्हणजे टेस्ट न चालवता. हे मला मिररपेक्षाही वाईट वाटतं. या प्रोसेसरची मेमरी ऑर्डरिंग, म्हणजे मेमरीतल्या नोंदींच्या क्रमाचे नियम, इंटेलपेक्षा सैल असते. एका कोअरने केलेल्या नोंदी दुसऱ्याला वेगळ्या क्रमाने दिसू शकतात. इंटेलवर वर्षानुवर्षं दडलेला बग इथे लोड वाढला की डोकं वर काढतो. नेमक्या टेस्टच गाळायच्या आणि वर ‘सगळी पॅकेजेस बिल्ड होतात’ म्हणून मिरवायचं.

जाब विचारल्यावर उत्तर आलं, ‘आमच्याकडे क्रॅश झालं नाही, म्हणजे स्टेबलच.’ करारात स्टेबलची व्याख्या नव्हती, त्याचाच आडोसा. पैसे अजून अडकलेले आहेत.

सुरक्षा अपडेट कोण देणार आणि किती काळ, हे करारात लिहून घ्या. डेबियनऐवजी फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम विकत असतील तर टिअर, म्हणजे त्या प्रोसेसरला मिळणाऱ्या सपोर्टची पातळी, विचारा (टिअर १ सगळ्यात वरची): ६४-बिट आर्म १३.० पासून टिअर १ मध्ये आहे, रिस्क-फाइव्ह टिअर २ मध्ये. आणि डेमोतच विक्रेत्याचा मिरर काढून डेबियनच्या मूळ मिररवरून अपडेट करायला लावा. आम्ही ते उशिरा केलं, तेव्हा एपीटीने (डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमने) सरळ सांगितलं की बुकवर्मच्या रिपॉझिटरीत या आर्किटेक्चरला, म्हणजे रिस्क-फाइव्हला, सपोर्टच नाही.