दहा महिने ब्रसेल्स : बेळगावच्या पोरानं केलेलं आंतरराष्ट्रीय राजकारण

गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२४ला, मी ब्रसेल्सला एमएला आलो. विषय आंतरराष्ट्रीय राजकारण, त्यात प्रादेशिक राजकारणाची जोड. आता जुलै आहे, लेखी परीक्षा संपल्यात, फक्त प्रबंध द्यायचा राहिलाय. यायच्या आधी मी अशा अनुभवांच्या शोधात होतो. जे सापडले ते एकतर कन्सल्टंटांनी लिहून घेतलेले वाटायचे, नाहीतर आल्याच्या पहिल्या आठवड्यातल्या भारावलेपणातले. म्हणून मुद्दाम दहा महिने थांबलो. विद्यापीठाचं नाव देत नाही, कारण पुढे थोडं रडगाणं आहे.

आधी पैशाचं बोलू. फी युरोपीय मुलांपेक्षा बरीच जास्त, पण लंडनच्या मानानं काहीच नाही : माझी वर्षाची सुमारे चार हजार युरो. तिघांत घेतलेल्या फ्लॅटमधल्या माझ्या खोलीचं भाडं ५२०. खाणं, फोन, विमा, विमानाचं तिकीट धरून वर्षाचा आकडा तेरा-चौदा लाखांच्या घरात जातो. व्हिसासाठी दरमहा आठशे युरोंच्या वर पैसे आहेत हे दाखवावं लागलं. ते ब्लॉक्ड अकाउंटमध्ये अडकतात आणि महिन्याला हप्त्यानं परत मिळतात. कर्ज देणाऱ्या बँकेला ही भानगड समजावून सांगण्यात माझा अख्खा जून गेला. साहेबांचा एकच प्रश्न : 'पॉलिटिक्स शिकून हप्ते कुठून भरणार?' प्रश्न रास्त होता. त्याच्याकडे शेवटी येतो.

आल्यावर पहिलं काम म्हणजे कम्युनमध्ये नोंदणी. ब्रसेल्स एक शहर असलं तरी त्यात १९ कम्युन, म्हणजे छोट्या नगरपालिका आहेत, प्रत्येकाचा महापौर वेगळा, खिडकी वेगळी आणि खिडकीमागच्या माणसाचा मूडही वेगळा. नोंदणीनंतर मोहल्ल्याचा पोलीस घरी येऊन तुम्ही खरंच तिथं राहता का ते बघतो. दारावरच्या बेलला तुमचं नाव नसेल तर तो तसाच परत जातो. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. तो एकदा येऊन गेला, मग महिनाभर आलाच नाही. शेवटी वहीच्या कागदावर आडनाव लिहून सेलोटेपनं चिकटवलं. ओळखपत्र हातात पडेस्तोवर जानेवारी उजाडला. तोवर 'अॅनेक्स १५' नावाच्या कागदावर दिवस काढले. आल्या दिवशी नाव चिकटवा, बाकी सगळं नंतर.

आता अभ्यासाचं. सीबीएसईवाल्यांना आठवत असेल, दहावीच्या नागरिकशास्त्रात पहिला धडाच सत्तेच्या वाटणीचा आहे, त्यात बेल्जियम आणि श्रीलंका. ५९ टक्के डच बोलणारे, ४० टक्के फ्रेंच, १ टक्का जर्मन. बेल्जियमनं समजूतदारपणा दाखवला, श्रीलंकेनं नाही, असा एकूण सूर. मीही तेवढंच घेऊन आलो होतो. इथल्या पहिल्याच सेमिनारला फेडरल बेल्जियमच्या रचनेची आकृती फळ्यावर काढली गेली : तीन प्रदेश, तीन भाषिक समाज, सहा सरकारं. प्राध्यापिका म्हणाल्या, 'हे तुम्हाला समजलं असं वाटत असेल तर मी नीट समजावलेलं नाही.' जुनाच विनोद असणार, पण आम्ही हसलो.

शिकवायची पद्धत आपल्याकडच्यापेक्षा वेगळी आहे, हे सगळेच सांगतात. वेगळी म्हणजे कशी, तर नोट्स मिळत नाहीत. आठवड्याला शंभरेक पानं वाचून यायचं आणि वर्गात त्यावर भांडायचं. मार्क वीसपैकी, दहाला पास. पहिल्या निबंधाला मला ११ मिळाले. घरी ५५ टक्के सांगितल्यावर बाबा दोन दिवस फोनवर आलेच नाहीत. इथं १४ म्हणजे चांगलं, १६ म्हणजे फारच चांगलं, आणि वीस मिळालेला मनुष्य अजून मला भेटलेला नाही. पण ते ११ मला लागले ते शेऱ्यामुळे : 'काय झालं ते तुम्ही सांगितलंत. का झालं ते मला शोधावं लागलं.' पदवीची तीन वर्षं आम्ही 'काय झालं' यावरच डिस्टिंक्शन काढल्या होत्या.

तो निबंध बेळगाववर होता. मोठ्या हौसेनं लिहिला होता. १९५६ची राज्यांची पुनर्रचना, बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा १९६७चा महाजन अहवाल, सर्वोच्च न्यायालयातला २००४चा दावा, १ नोव्हेंबरचा काळा दिवस, सगळं ओळीनं. माझे काका १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात हिंडलग्याच्या तुरुंगात होते, म्हणजे विषय घरचाच. वर्गातल्या एका फ्लेमिश, म्हणजे डच बोलणाऱ्या बेल्जियन मुलीनं तो वाचून विचारलं, 'तू सारखं सीमाभाग म्हणतोस. कोणाच्या सीमेवरचा भाग?' मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. माझं घर वडगावात आहे. तिथं उभं राहिलं की आजूबाजूला सीमा कुठंच दिसत नाही, दिसतो तो विणकरांचा मोहल्ला आणि ट्रॅफिक. हा शब्द कोल्हापूर-मुंबईकडून बघणाऱ्याचा, आणि आम्ही तो आपल्याच घराला लावून मोकळे झालो होतो. फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर धारवाडचा एक मित्र राहतो (तो अर्थशास्त्राचा). त्याला रात्री हे सांगितलं तर म्हणाला, 'आमच्यातही गडी नाडूच म्हणतात की, म्हणजे सीमाभागच. दोघंही लांबूनच बघतोय.'

अभ्यासक्रमाची किंमत मला तिथं वसूल झाली. युक्रेन, चीन, नाटो यांवरची व्याख्यानं घरबसल्या यूट्यूबवर मिळतात, बरीचशी इथल्यापेक्षा बरी. पण भाषेच्या सीमेवर बांधलेल्या देशात बसून भाषेच्या सीमेचा अभ्यास करणं ही गोष्ट निराळी.

बेल्जियमनं आपली भाषिक सीमा १९६२च्या कायद्यानं आखली, १९६३पासून ती लागू झाली. त्याआधी दर जनगणनेला ती सरकायची. १९४७च्या जनगणनेतले भाषेचे आकडे इतके वादाचे ठरले की ते १९५४पर्यंत बाहेरच आले नाहीत. पुढे फ्लेमिश गावांचे महापौर म्हणाले, आम्ही भाषेचा रकानाच भरून घेणार नाही. शेवटी १९६१मध्ये भाषिक जनगणनाच रद्द झाली. म्हणजे आज बेल्जियममध्ये कोण कुठली भाषा बोलतं याचा सरकारी आकडाच नाही. हे वाचताना मी खुर्चीत सरळ झालो. आपल्याकडे सगळा वाद कुठल्या जनगणनेचे आकडे धरायचे आणि गाव हा घटक मानायचा की तालुका, यावर. महाराष्ट्र पाटसकर सूत्र पुढे करतो, म्हणजे गाव घटक, सलगता, बहुसंख्येची भाषा, लोकेच्छा. कर्नाटक महाजन अहवाल पुढे करतं. इथं त्यांनी मोजणंच बंद केलं, आणि ते बरं झालं की वाईट यावर माझ्या वर्गात दोन तास जुंपली.

एप्रिलमध्ये वूरेन बघायला गेलो. फ्रेंचमध्ये त्याचंच नाव फूरों. सहा खेडी मिळून चारेक हजार वस्ती. १९६३ला ही खेडी फ्रेंच भाषिक लिएज प्रांतातून काढून डच भाषिक लिम्बुर्ख प्रांताला जोडली, आणि इथल्या महापौरानं आपल्याला डच येतं हे सिद्ध करायला नकार दिला यावरून पेटलेल्या वादात १९८७ला देशाचं सरकार पडलं. प्रवासच एक धडा आहे. ब्रसेल्सच्या फलाटावर गाडीचं गाव दोन भाषांत लिहिलेलं, 'लाउक' आणि 'लिएज'. गाडी फ्लांडर्समध्ये, म्हणजे डच भाषिक प्रदेशात शिरली की घोषणा फक्त डचमध्ये, गावाचं नाव नुसतं 'लाउक'. तासाभरानं भाषिक सीमा ओलांडली की तोच आवाज फ्रेंच बोलायला लागतो आणि तेच गाव 'लिएज' होतं. डब्यात कोणी मान वर करून बघत नाही.

वूरेनला बसनं पोचलो. सफरचंदाच्या बागा, गायी, एक बंद कॅफे. वळणावर दिशादर्शक पाटी, दोन ओळींची. वरची डच ओळ स्वच्छ, खालच्या फ्रेंच ओळीवर काळा स्प्रे. रंग जुना होता, कडेला पोपडे निघालेले. मी फोटो काढत असताना सायकलवरून एक आजोबा आले, आधी डचमध्ये काहीतरी म्हणाले, मग फ्रेंचमध्ये, मग हात हलवून निघून गेले. मला आमच्या येळ्ळूरची 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' ही पाटी आठवली. जुलै २०१४मध्ये ती पाडली, नंतर लाठीमार झाला, तेव्हा मी शाळेत होतो. आमच्याकडे पाटी पाडायला पोलीस येतात. इथं रात्री कोणीतरी स्प्रेची बाटली घेऊन येतो.

वूरेनमधला वाद निवला तो कायद्यानं नाही, हे त्याहून मजेचं. युरोपीय नागरिकांना स्थानिक निवडणुकीत मत मिळालं आणि २०००च्या निवडणुकीत इथं राहायला आलेल्या नेदरलँड्सच्या लोकांच्या मतांनी डच बाजूचं पारडं जड झालं. घरं स्वस्त म्हणून आलेली माणसं, जवळजवळ चाळीस वर्षांचा वाद निकालात काढून गेली. प्रबंधाचा विषय मला तिथं बसस्टॉपवर मिळाला.

आणि यंदाच्या वर्षानं तर अभ्यासक्रमाला मदतच केली. डिसेंबरात बातमी आली की विलवोर्डेजवळ एका गाडीच्या कंडक्टरनं डचबरोबर 'बोंजूर'ही म्हटलं. विलवोर्डे फ्लांडर्समध्ये येतं. एका प्रवाशानं थेट स्थायी भाषा नियंत्रण आयोगाकडे तक्रार केली. वर्गात सगळे हसत होते. फेब्रुवारीत बेळगावजवळ बाळेकुंद्रीला मराठी बोलला नाही म्हणून कर्नाटकच्या बसच्या कंडक्टरला मारहाण झाल्याची बातमी आली, चित्रदुर्गला महाराष्ट्राच्या एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासलं, दोन्हीकडच्या बस बंद पडल्या. मी ते वर्गात सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. मला दोन्ही वेळा हसावं की काय करावं ते कळलं नाही. घरी फोनवर हे सगळं सांगितलं तर आई म्हणाली, 'मग हे शिकायला तिकडं कशाला जायचं हुतं? हितंच बसस्टँडवर बसला असतास तरी चाललं असतं की, चौदा लाख वाचले असते.'

३ फेब्रुवारीला बार्ट डे वेवर पंतप्रधान झाले. निवडणूक जून २०२४ची, सरकार आठ महिन्यांनी. फ्लांडर्स स्वतंत्र व्हावं हे ज्या पक्षाच्या घटनेतलं उद्दिष्ट आहे, त्याचाच नेता अख्ख्या बेल्जियमचा पंतप्रधान. इथल्यांना आठ महिन्यांचं काही वाटत नाही. २०१०-११मध्ये ५४१ दिवस गेले होते. ब्रसेल्स प्रदेशाला तर जुलै २०२५पर्यंतही त्याच निवडणुकीनंतरचं सरकार मिळालं नव्हतं, आणि तरी ट्राम वेळेवर येत होती. नव्या केंद्र सरकारच्या पेन्शनकपातीविरुद्धच्या संपात मात्र ती आली नाही. ३१ मार्चच्या सार्वत्रिक संपाला विमानतळावरून एकही विमान उडालं नाही, आणि मी सेमिनारला दीड तास चालत गेलो. प्राध्यापिकाच आल्या नव्हत्या.

प्रादेशिक आणि आंतरराष्ट्रीय यांचा सांधा कुठं असतो, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कॅनडाबरोबरच्या व्यापार कराराचं. ऑक्टोबर २०१६मध्ये सगळा युरोपीय संघ सही करायला तयार, आणि बेल्जियमच्या फ्रेंच भाषिक वालोनियाची प्रादेशिक विधानसभा म्हणाली, नाही. छत्तीस लाखांचा प्रदेश. बेल्जियममध्ये जो विषय प्रदेशाच्या अखत्यारीत, त्याची परराष्ट्रनीतीही प्रदेशाचीच, त्यामुळे आपल्याकडे दिल्ली म्हणते तसं 'तुम्ही गप्प बसा' म्हणायची सोय ब्रसेल्सला नाही. उसाला दर देण्याचं राजकारण बघत मोठ्या झालेल्या माणसाला हे दोन आठवड्यांचं नाटक अगदी ओळखीचं वाटतं.

आता तक्रारी. एक, 'भारताचं काय मत?' हा प्रश्न. युक्रेनवरच्या तासाला सगळ्यांचे डोळे माझ्याकडे, जणू सकाळी परराष्ट्र मंत्रालयाशी बोलूनच आलोय. फेब्रुवारीअखेर युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष फॉन डेर लायन आपले आयुक्त घेऊन दिल्लीला गेल्या, त्या आठवड्यात तर मी जवळजवळ प्रवक्ता होतो. दोन, वाचनयादीत दक्षिण आशियाचे दोन लेख, तेही शेवटच्या आठवड्यात. राज्यशास्त्रज्ञ लेइपहार्ट यांनी १९९६मध्ये भारतालाही सत्तावाटपाच्या लोकशाहीत बसवलं होतं, त्यावर तरी चर्चा होईल वाटलं, तर वेळ संपली. तीन, मार्गदर्शक मिळायला मार्च उजाडला, आणि दोन मेलना उत्तर यायला एप्रिल.

चांगल्या गोष्टींत थिंक टँकांचे कार्यक्रम. युरोपीय संघाच्या कचेऱ्या जिथं आहेत त्या शूमन चौकाच्या आसपास आठवड्याला चार तरी असतात, बहुतेक फुकट, आणि नंतर सँडविच. पहिले तीन महिने माझं गुरुवारचं जेवण तेच होतं. पंचविशीच्या आतल्यांना वर्षाचा ट्राम-मेट्रोचा पास २०२४-२५ला १२ युरोला मिळायचा. आणि बेळगावचा कुंदा महिनाभर टिकतो, दोन किलो आणा. कम्युनमधल्या बाईंना मी एक तुकडा दिला होता. कार्ड त्यामुळे लवकर आलं असं नाही.

बँकेच्या साहेबांचा प्रश्न राहिला. शिक्षणानंतर नोकरी शोधायला बारा महिने राहता येतं. पण युरोपीय संघाच्या कायम नोकऱ्या त्यांच्या नागरिकांनाच. युरोपीय आयोगाची पाच महिन्यांची ब्लू बुक इंटर्नशिप आपल्याला खुली आहे, जागा मोजक्या. एनजीओ आणि लॉबीवाल्यांकडे फ्रेंच किंवा डच लागतं, नुसत्या इंग्रजीवर दहा अर्जांना एक उत्तर येतं. माझं फ्रेंच अजून भाजी घेण्याइतकंच. नोकरीच्या खात्रीवर येत असाल तर येऊ नका. यूपीएससीच्या ऐच्छिक विषयासाठी येत असाल तरी येऊ नका, त्याला पुणं पुरतं. आपल्या गावचा एखादा वाद डोक्यात घेऊन येत असाल, तर पहिल्या दिवसापासून भाषा शिका आणि या.

प्रबंध १४ ऑगस्टला द्यायचाय. विषय : भाषिक जनगणना आणि सीमा, वूरेन आणि बेळगाव. १९६७ची कन्नड वर्तमानपत्रं धारवाडचा मित्र वाचून देतोय, कारण मला कन्नड बोलता येतं पण छापील मजकुरात अडखळतो. त्याच्या बदल्यात भांडी माझ्याकडे. मुखपृष्ठ मात्र अजून कोरं आहे. मी 'बेळगाव' लिहिलं, त्यानं 'बेळगावी' केलं, २०१४पासून सरकारी नाव तेच आहे म्हणून. मी म्हटलं, अहवाल १९६७चा आहे. मार्गदर्शकांना विचारलं तर त्यांनी, या वेळी मात्र एका दिवसात, कळवलं : दोन्हीपैकी एक निवडा, सगळीकडे तेच ठेवा आणि का निवडलं ते तळटीपेत लिहा. तळटीप सध्या दीड पानाची झालीय.