ऑनशेप: फाइलच नसलेले कॅड

साकीनाक्याच्या गाळ्यात जिग-फिक्स्चर, म्हणजे यंत्रावर काम पक्के धरून ठेवणारी साधने, बनवणाऱ्या आमच्यासारख्यांना नवे कॅड, म्हणजे संगणकावर भागांची मॉडेल आणि ड्रॉइंग करण्याचे, सॉफ्टवेअर घेताना पहिला प्रश्न किमतीचा पडतो. मला मात्र ऑनशेपकडे नेले ते वाया गेलेल्या एका पोलादी ठोकळ्याने. दादरच्या घरून मी सुधारलेले मॉडेल पाठवले होते. गाळ्यातल्या संगणकावर तोवर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल नवीन २’ अशा तीन फाइली जमल्या होत्या आणि व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या यंत्रावर, नेमकी जुनी चढली. १२.५ मिलिमीटरचे भोक १२ चे पडले असते, तर रीमर (भोक मोठे करण्याचे हत्यार) फिरवून निभावले असते. पडले ते उलटे, १२ च्या जागी १२.५ चे.

ऑनशेपमध्ये अशी चूक होणे अवघड आहे, कारण त्यात फाइलच नाही. मॉडेल कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि ब्राउझरमध्ये उघडते. सेव्हचे बटण नाही, प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहते, आणि मूळ कामाला धक्का न लावता वेगळी ब्रँच, म्हणजे समांतर आवृत्ती, काढून, पसंत पडल्यास ती मुळात मिसळता येते.

यामागचे जॉन हर्शटिक हे एमआयटीचे पदवीधर. त्यांनी १९९३ मध्ये सॉलिडवर्क्स ही कॅड सॉफ्टवेअरची कंपनी काढली, तेव्हा भांडवल आले ते एमआयटीच्या ब्लॅकजॅक संघातून, म्हणजे चक्क पत्त्यांच्या डावातून मिळवलेल्या पैशांतून. त्या काळी त्रिमितीय मॉडेलिंग प्रामुख्याने महागड्या युनिक्स वर्कस्टेशनवर चाले. १९९५ मध्ये आलेल्या सॉलिडवर्क्सने ते साध्या विंडोज संगणकावर आणले. दोनच वर्षांत फ्रान्सच्या दासो सिस्टिम्सने ही कंपनी सुमारे ३१ कोटी डॉलरला घेतली. एवढे यश पदरी असताना त्यांनी २०१२ मध्ये सहकाऱ्यांसह ऑनशेपची सुरुवात केली, ती स्वतःच रूढ केलेली फाइल आणि इन्स्टॉलेशनची पद्धत मोडीत काढण्यासाठी. २०१९ मध्ये ऑनशेप सुमारे ४७ कोटी डॉलरला विकत घेतली ती पीटीसीने, म्हणजे ज्या कंपनीच्या प्रो-इंजिनिअर या कॅड सॉफ्टवेअरशी सॉलिडवर्क्सची झुंज होती तिनेच!

या माणसाची नवकल्पना नेमकी कशात आहे, हे वापरताना माझ्या लक्षात आले. भूमितीचा गाभा, म्हणजे आकारांचे गणित करणारा सॉफ्टवेअरचा भाग, नव्याने लिहिण्याचा हट्ट त्यांनी धरलेला नाही. सॉलिडवर्क्स आणि ऑनशेप आजही तिसऱ्याच कंपनीच्या पॅरासॉलिड या गाभ्यावर चालतात. बदलले आहे ते मॉडेल कुठे राहते आणि कोणाच्या हाती पोचते एवढेच, आणि माझ्या कामापुरते तेच मोलाचे आहे. मॉडेलिंगच्या आज्ञा सॉलिडवर्क्सची सवय असलेल्याला आठवडाभरात अंगवळणी पडतात. असेंब्लीत, म्हणजे सुटे भाग एकत्र जोडताना, मात्र दोन भागांना बहुधा एकच मेट (ते एकमेकांशी कसे जुळतील आणि हलतील हे ठरवणारा सांधा) पुरतो, हे पचायला मला वेळ लागला. बिजागरीला फिरण्याचा मेट दिला की काम झाले. समाक्षता वेगळी, पृष्ठभाग वेगळा, असे करावे लागत नाही.

उणिवाही आहेत. इंटरनेट नसेल तर काम ठप्प. जुलैतल्या एका दुपारी आमच्या इमारतीतली जोडणी गेली, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मी कसेबसे एक ड्रॉइंग पुरे केले. मोफत योजना व्यावसायिक कामासाठी नाही, शिवाय तीत केलेली मॉडेल सर्वांना दिसतात. ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असलेल्याने तिच्या वाटेला जाऊ नये. सशुल्क योजनेत दरवर्षी माणशी पैसे भरावे लागतात, आणि एकदाच पैसे मोजून वस्तू आपली करण्याची सवय असलेल्या आमच्या धंद्याला हे भाडे खुपते. तरीही मी ते भरतो.

घाटकोपरहून मेट्रोत बसल्यावर मी फोनवर मॉडेल फिरवून पाहतो. गाळ्यातला ऑपरेटरही काम चढवण्यापूर्वी भोकाचे माप फोनवर तपासतो. कागदावरचे ड्रॉइंग अजूनही मशीनच्या दाराला चिकटवलेले असते, कारण कूलंटने माखलेल्या हातांनी फोन कोणी धरत नाही. फक्त आता त्याच्या कोपऱ्यात लाल पेनाने व्हर्जनचा क्रमांक लिहिलेला असतो.