‘काका, हा आकडा जंतूंचा!’

३१ वर्षं वीजखात्यात नोकरी केली. पाण्यातून वीज गेली की काय होतं हे मला माहीत होतं. तरीही साडेअठरा हजार घालवून बसलो. लिहायला लाज वाटते, पण आमच्याच सोसायटीत आणखी चार घरं अशीच फसलेली निघाली, म्हणून लिहितोय.

फेब्रुवारी २०२५ची गोष्ट. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडत होते, धडधाकट माणसांच्या हातापायांतली ताकद जात होती, आणि सगळ्यांचा संशय पाण्यावर होता. आमच्याकडे गॅसवर सतत पाण्याचं पातेलं. अशात एका दुपारी बेल वाजली.

गळ्यात ओळखपत्र, हातात बॅग. “पाणी तपासणी चालू आहे काका, फुकट आहे.” महापालिकेकडून आलोय असं तो म्हणाला नाही. मीच तसं धरलं आणि त्यानं मला धरू दिलं.

आधी पेनाएवढा टीडीएस मीटर काढला. आमच्या नळाचं पाणी ८६, त्याच्या बाटलीतलं १२. “काका, हा आकडा जंतूंचा.” मग नळाच्या पाण्यात कसलेसे दोन थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. “हे केमिकल रोज पोटात जातंय.” शेवटी लोखंडी गजांचं एक यंत्र काढलं, दोन ग्लासांत बुडवलं आणि प्लग लावला. मिनिटाभरात आमचा ग्लास हिरवट-तपकिरी, वर फेस, गटाराची कळा. त्याचा ग्लास मात्र स्वच्छ. बायकोनं तोंडाला पदर लावला. त्या क्षणी त्यानं किंमत सांगितली असती तर मी पन्नास हजारही दिले असते. दहा हजार मोबाइलवरून लगेच पाठवले, उरलेले दुसऱ्या दिवशी आरओ, म्हणजे पाणी गाळून क्षार काढणारं मशीन, बसवल्यावर रोख दिले.

महिन्याभरानं मेहुणा लग्नाची पत्रिका घेऊन आला. तो पुरंदर तालुक्यात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे: टाकीत टीसीएल म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पावडर टाकायची, ओटी टेस्ट घ्यायची, नमुने लॅबला पोचवायचे. मी कौतुकानं सगळा किस्सा सांगितला. पिवळ्या पाण्यापाशी आलो आणि त्याला हसू आवरेना.

“अहो दाजी, पिवळं झालं म्हणजे पाणी चांगलं! आमच्याकडं पिवळं नाही झालं तर मला शिव्या बसतात.”

ते थेंब ओटी टेस्टचेच होते. पिवळा रंग म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस १०५००, सांगतं की नळापर्यंत येताना लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा. विषाणूंची भीती असेल तेव्हा ०.५. म्हणजे साथीच्या दिवसांत जी गोष्ट पाहून जीव भांड्यात पडायला हवा होता, तीच दाखवून त्यानं मला घाबरवलं.

टीडीएसचंही तसंच. तो आकडा विरघळलेल्या क्षारांचा. मानकात ५०० पर्यंत चालतो, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत. ८६ म्हणजे धरणाचं गोडं पाणी. जंतू त्या मीटरला दिसतच नाहीत. बारा आकड्याच्या पाण्यात ते बुजबुजलेले असू शकतात आणि आठशेच्या बोअरमध्ये एकही नसू शकतो. मानकाची जंतूंबाबतची अट वेगळी आहे: १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय सापडता कामा नये. ते बघायला लॅबमध्ये नमुना वाढवावा लागतो, त्यात दिवस जातो. दारात उभ्या माणसाला ते दोन मिनिटांत कळणं शक्य नाही.

आणि तो विजेचा खेळ! इथं माझी मलाच चीड आली. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते, लोखंडी गज झिजतो आणि त्याचाच गंज पाण्यात उतरतो. घाण पाण्यातली नसतेच, गजातली असते. त्याच्या बाटलीतल्या आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. मी दोन खिळे आणि नऊ व्होल्टची बॅटरी घेऊन बसलो (घरच्या प्लगवर हे कुणी करू नका). महागड्या मशीनचं पाणी घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं. थोड्या वेळात तेही तसंच हिरवट-तपकिरी. एक चिमूट मीठ त्याच दुपारी सुचलं असतं तर!

आरओ वाईट असं मी म्हणत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे भूजलात फ्लोराइड आहे, कुठे बोअरचं पाणी मचूळ, तिथं त्याचा उपयोग आहे. पण २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानंच सरकारला सांगितलं होतं की टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथं आरओला मनाई करा. आमचं मशीन एक लिटर द्यायला तीन लिटर मोरीत सोडत होतं.

मग झाकण उघडलं. ‘यूव्ही’, म्हणजे जंतू मारणारा अतिनील दिवा, म्हणून जो निळा उजेड दिसायचा तो साधा एलईडी. नळीत दिवाच नाही. मेहुण्यानं जंतू तपासायच्या दोन बाटल्या पाठवल्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत मशीनच्या टाकीतलं. दोन दिवसांनी नळाची बाटली होती तशीच, मशीनची काळीकुट्ट. काळी म्हणजे दूषित. मशीन क्लोरीन काढून टाकत होतं आणि जंतू मारायला आत काही नव्हतं. महिनाभर आम्ही ते न उकळता प्यायलो. पातेलं पुन्हा गॅसवर चढलं.

पावतीवर जीएसटी क्रमांक नाही. पैसे गेले ते कुणाच्या तरी खासगी खात्यात. पत्त्यावर गेलो तर तिथं रसवंती. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

परवा वॉचमननं सांगितलं, सी विंगमध्ये गज-बॅगवाला येऊन गेला. मी धावत खाली गेलो, तोवर तो निघाला होता. रजिस्टरमध्ये कामाच्या रकान्यात ‘पाणी तपासणी’ आहे, कंपनीचं नाव मात्र या वेळी वेगळं आहे.