स्ट्रीट आर्टचा नकाशा दाखवणारं ॲप: आधी भटका, मग उघडा

मुद्द्याचं आधी सांगते. पाचपैकी तीन स्टार, आणि त्यातला एक ॲपला नाही, त्यात हौसेने फोटो टाकत बसणाऱ्या लोकांना. ॲपचं नाव लिहीत नाहीये कारण अशी आता बरीच आहेत आणि माझ्या तक्रारी थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू पडतील.

म्हणजे काय, तर शहराचा नकाशा, त्यावर ठिपके, ठिपक्यावर टॅप केलं की भिंतीवरच्या चित्राचा फोटो, चित्रकाराचं नाव, साल. शिवाय "जवळचं दाखवा" असं एक बटण. मला कुठल्याही शहरात गेलं की उगाच पायी भटकायची खोड आहे, त्यामुळे लगेच डाउनलोड केलं आणि पहिल्याच दिवशी गाढवपणा केला, ॲप नेईल तशी चालत गेले. तीन तासांत अकरा चित्रं बघितली आणि आज त्यातलं एकही धड डोळ्यांसमोर येत नाही, कारण मी भिंती बघतच नव्हते, फोनवरचा निळा ठिपका बघत होते. एकदा तर खांबावर आपटता आपटता वाचले, आणि त्याच खांबावर तळहाताएवढं स्टिकर होतं, छत्री धरून बसलेलं मांजर, एक कोपरा उन्हाने उचललेला. दिवसभरातलं तेवढंच लक्षात राहिलंय. ॲपमध्ये अर्थातच नव्हतं.

ही पहिली मोठी तक्रार. मोठं आणि फोटोजेनिक ते सगळं सापडतं, इमारतीच्या अख्ख्या बाजूवर रंगवलेली म्युरल्स वगैरे, जी तशीही अर्धा किलोमीटरवरून दिसतात, त्यासाठी ॲप कशाला हवंय? पण गुडघ्याच्या उंचीवरचं स्टेन्सिल (कापलेल्या कागदाच्या साच्यातून उमटवलेलं चित्र), खळीने चिकटवलेले कागद, मीटरच्या पेटीवरची चित्रं यांचा पत्ता नाही. आणि या कलेची मुळं तर तिथेच आहेत ना! पॅरिसमध्ये ब्लेक ल रॅट नावाच्या कलाकाराने १९८१ पासून स्टेन्सिलने उंदीरच उंदीर उमटवायला सुरुवात केली, बँक्सी या प्रसिद्ध ब्रिटिश कलाकाराचे उंदीर त्यानंतरचे. स्टेन्सिलचा फायदा हा की कापाकापी घरी निवांत करायची आणि भिंतीसमोर मिनिटभरात काम उरकून पसार व्हायचं. जवळ जाऊन बघितलं तर रंगाच्या मध्ये बारीक कोऱ्या पट्ट्या दिसतात, कागदाचा आतला तुकडा गळून पडू नये म्हणून ठेवलेले पूल असतात ते. डोळ्याची बाहुली हवेत तरंगू शकत नाही, तिला कुठेतरी धरून ठेवावं लागतं. हे एकदा कळलं की प्रत्येक स्टेन्सिलमध्ये मी आधी पूल शोधते, आता ती सवय जाणार नाही.

दुसरी तक्रार, ठिपके मरतात आणि ॲपला पत्ताच नसतो. एका ठिकाणी वीस मिनिटं चालत गेले, फोटोत भलामोठा हिरवा मासा, प्रत्यक्षात राखाडी भिंत. ताजा राखाडी, रोलरचे पट्टे दिसत होते, आणि खाली पाइपच्या मागे रोलर पोचला नव्हता तिथे हिरव्या शेपटीचं टोक शिल्लक. राग आला पण यात ॲपचा दोष अर्धाच, या कलेचं आयुष्यच असं असतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं फाइव्ह पॉइंट्झ, म्हणजे ग्राफिटीने भरलेली जुनी कारखान्याची इमारत, २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये एका रात्रीत पांढरं फासलं गेलं (२१ कलाकार कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये मालकाला साडेसहा दशलक्ष डॉलरच्या वर भरपाईचा आदेश झाला, हे मला फार आवडतं). कधी कधी तर कलाकारच पुसायला लावतात. ब्लू नावाच्या इटालियन कलाकाराची बर्लिनच्या क्रॉयझबर्गमधली दोन प्रचंड चित्रं २०१४ मध्ये त्याच्याच संमतीने काळी रंगवली, आणि २०१६ मध्ये बोलोन्यात त्याने स्वतःची वीस वर्षांची चित्रं राखाडी करून टाकली, कारण भिंतीवरून काढलेली चित्रं तिकीट लावून प्रदर्शनात मांडायचा घाट दुसऱ्यांनी घातला होता. माझं म्हणणं इतकंच की गेलेल्या चित्राचा ठिपकाही राहू द्या, पण "गेलं" असं लिहा, माणूस उन्हातून चालत येतो हो.

सालाचाही घोळ आहेच. बर्लिनची ईस्ट साइड गॅलरी घ्या, शहर दुभंगणाऱ्या बर्लिन भिंतीचा १.३ किलोमीटरचा उरलेला तुकडा, १९९० मध्ये रंगवला, पण २००९ च्या दुरुस्तीत बरीचशी चित्रं नव्याने रंगवून घेतली, सोव्हिएत नेता ब्रेझनेव्ह आणि पूर्व जर्मनीचा होनेकर यांचं ते प्रसिद्ध चुंबनसुद्धा. मग साल कोणतं लिहायचं? ॲपमध्ये एकच रकाना.

तिसरी गोष्ट बारीक वाटेल, पण मला ती सगळ्यात जास्त खटकली. ठिपका चित्र कुठे आहे ते सांगतो, उभं कुठे राहायचं ते सांगत नाही. एल सीड नावाच्या कलाकाराने २०१६ मध्ये कैरोच्या मनशियत नासिर वस्तीत जवळपास पन्नास इमारतींवर मिळून एकच अरबी सुलेखन केलं, ते पूर्ण जुळून दिसतं फक्त मोकत्तम डोंगरावरून. खाली गल्लीत उभं राहिलात तर दिसणार केशरी-पांढरा एखादा फटकारा. आता ठिपका टाकायचा कुठे, पन्नास इमारतींवर की डोंगरावर? इतकं टोकाचं जाऊ दे, साध्या चारमजली म्युरलसाठीही समोरच्या फुटपाथवर यावं लागतं, आणि ॲप मात्र भिंतीला नाक टेकेपर्यंत पुढे ढकलतं आणि वर "तुम्ही पोहोचलात" म्हणून अभिनंदन करतं.

मग तीन स्टार कशाला? कारण उलटं वापरलं तर मस्त आहे. आता मी फोन खिशात ठेवून चालते, मुख्य रस्ता सोडून आतल्या बोळात शिरते, बंद शटर, पुलाखालची जागा, पार्किंगची मागची बाजू असं बघत बघत, आणि काही सापडलं की आधी पोटभर बघते. परवा एका बोळात म्हातारीचा चेहरा सापडला, दुमजली. लांबून फोटोसारखा, जवळ गेल्यावर गालावर नुसते धुरकट ठिपके, कारण रुंद कॅपने (स्प्रेच्या डब्याचं तोंड) लांबून मारलेल्या रंगाला ठळक कडा येत नाही, आणि पापण्या मात्र बारीक कॅपने एकेका फटक्यात ओढलेल्या, एका ठिकाणी हात थांबला असावा, तिथून ओघळ आलाय. सुरकुत्यांच्या खाली रंग पातळ होता तिथे वेडेवाकडे आकडे आणि गिरगट्या दिसत होत्या. आधी भिंतभर असल्या खुणा करायच्या, त्याचा फोटो काढायचा, फोनवर त्यावर स्केच ठेवायचं आणि कुठली खूण कुठे येते ते बघत रंगवायचं, एवढ्या मोठ्या भिंतीवर प्रमाण असं सांभाळतात. दहा मिनिटं मान वर करून बघितलं, मान अवघडली, मग ॲप उघडलं. नाव मिळालं, साल मिळालं, आणि त्याच हाताचं आणखी एक काम दोन गल्ल्या सोडून आहे हेही कळलं. इथे ॲपला पूर्ण मार्क.

शोधायचीच हौस असेल तर फ्लॅशइन्व्हेडर्स हे वेगळं प्रकरण बघा. इन्व्हेडर नावाचा फ्रेंच कलाकार १९९८ पासून शहराशहरांत जुन्या व्हिडिओ गेममधल्या प्राण्यांची टाइल्सची मोझेक चिकटवतोय, एकट्या पॅरिसमध्ये हजाराच्या वर आहेत. त्याचं ॲप पत्ता देतच नाही, तुम्ही शोधा, फोटो काढा, मग दहा ते शंभर पॉइंट. त्यामुळे डोकं आपोआप वर जातं, रस्त्याच्या कोपऱ्यांवर पहिल्या मजल्यापाशी. माझ्या ॲपला ही अक्कल कोणीतरी द्यायला हवी.

बाकी बॅटरी भसाभस खातं, ऑफलाइन नकाशा अर्धवट उतरतो, आणि काही ठिपके चक्क लोकांच्या खाजगी अंगणात आहेत, तिथे शिरू नका. त्या राखाडी भिंतीचा फोटो मी प्रामाणिकपणे अपलोड केलाय, शेपटीच्या टोकासकट. तीन आठवडे झाले, "तपासणी सुरू आहे" दाखवतंय, आणि नकाशावर मासा अजून हिरवागार पोहतोय.