हट्टी टायर घरी बसवताना: पट्टा-पायपंप की टाकीचा कॉम्प्रेसर?

टायर रिमवर चढवणं लिव्हरने जमतं. समोरची बाजू रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून ठेवली की जोर फारसा लागत नाही. छळ पुढे सुरू होतो. दुकानात थप्पीखाली चेपलेल्या ट्यूबलेस टायरच्या दोन्ही बीड, म्हणजे रिमला टेकणाऱ्या कडा, आत गेलेल्या असतात, आणि भराल तेवढी हवा फटीतून सुटते.

टाकीचा कॉम्प्रेसर इथे राजा, हे मान्यच. व्हॉल्व्हची पिन काढून एकदम हवा सोडली की दोन्ही बीड बसल्याचे ठाप्, ठाप् असे दोन आवाज येतात आणि काम झालं. महिन्याला दोन-तीन टायर बदलणाऱ्याने तोच घ्यावा.

माझं मन मात्र पाण्याने उडालं. हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीत पाणी होऊन साचते, आणि आमच्या फोंड्याच्या पावसाळ्यात हवेत वाफेला काय तोटा! मे महिन्यात वापरलेला कॉम्प्रेसर मी चवथीच्या आधी बाहेर काढला. नोजल तळहातासमोर धरून दाबलं, तर हातावर तांबूस शिंतोडे. खालचा स्क्रू सैल केल्यावर कोऱ्या चहासारखं पाणी गळत राहिलं. दर वेळी टाकी रिकामी केली असती तर हे टळलं असतं, पण वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूची एवढी आठवण राहत नाही. खाऱ्या हवेने रिमच्या कडेला आधीच पांढरी भुकटी धरते. ती घासणीने काढायची आणि आत गंजाचं पाणी फवारायचं, हे मला पटेना.

तेव्हापासून सामान बांधायचा रॅचेट पट्टा वापरतो. टायर तासभर उन्हात ठेवायचा, बीडला साबणाचं पाणी लावायचं, पट्टा टायरच्या घेराभोवती बरोबर मधोमध आवळायचा. बीड बाहेर फाकून रिमला टेकतात आणि पिन काढलेल्या व्हॉल्व्हमधून पायपंपाची हवाही पुरते. हवा धरली की पट्टा सैल करायचा. घाम निघतो, मोठ्या उंचवट्यांच्या नक्षीच्या टायरवर पट्टा सरकतो, आणि फारच कडक टायर असेल तर माझा उपाय कदाचित तोकडाही पडेल. अजून तरी पडलेला नाही.

दोन्हींत टायरवर छापलेल्या दाबाच्या पुढे जाऊ नका. बसत नसेल तर हवा सोडून पुन्हा साबण लावा. टायरमध्ये स्प्रे मारून तो पेटवायचा प्रयोग तर मुळीच नको. शेवटी टायरवरची रिमलगतची बारीक रेघ चाकभर रिमपासून सारख्या अंतरावर आहे ना, ते बोटाने चाचपा.