डेटाबेस कोणाच्या नावावर ठेवायचा: एसए, माणूस की रिकामं लॉगिन?

समजा, अंबडमधल्या एखाद्या कारखान्यात एकाच एसक्यूएल सर्व्हरवर इआरपी (कारखान्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि पगार असे दोन डेटाबेस आहेत. इआरपीवाल्याला त्याच्या डेटाबेसवर डीबी-ओनर रोल (त्या डेटाबेसचे सगळे अधिकार) हवा असतो आणि तो द्यावाही लागतो. तिथून त्याला पगारापर्यंत पोचता येईल का, हे बरंचसं मालकीवर ठरतं. रोल आणि मालकी मात्र वेगळ्या. रोल अनेकांना देता येतो. मालक एकच, आणि आत तो डीबीओ म्हणून वावरतो.

एसएच्या (सर्व्हरसोबतच येणाऱ्या सर्वाधिकारी लॉगिनच्या) नावावर ठेवण्याचा फायदा खरा आहे: ते लॉगिन काढून टाकता येत नाही, म्हणून मालक हरवत नाही. धोका ट्रस्टवर्दी या सेटिंगमुळे येतो. डीबी-ओनर असलेला कुणीही 'एक्झिक्यूट अ‍ॅज युजर' वापरून डीबीओचं रूप घेऊ शकतो. एरवी ते रूप त्या डेटाबेसपुरतंच चालतं. ट्रस्टवर्दी चालू असेल तर सर्व्हरही ते मान्य करतो, आणि इथे डीबीओ म्हणजे एसए. पुढच्याच ओळीत तो स्वतःला सर्व्हरभर अधिकार असलेला सिस्अ‍ॅडमिन करून घेतो. हे सेटिंग मुळात बंद असतं आणि रिस्टोअरनंतरही बंद होतं. मग सॉफ्टवेअर अडतं, कुणीतरी ते चालू करतो आणि ते तसंच राहून जातं. शिवाय दोन्ही डेटाबेसचा मालक एसए आणि दोन्हीकडे चेनिंग (मालक एकच असेल तर परवानगी पुन्हा न तपासण्याचं सेटिंग) चालू असेल, तर पगाराच्या डेटाबेसात नुसता युजर (लॉगिन सर्व्हरवरचं, युजर एका डेटाबेसातला) असलेल्यालाही परवानगी नसलेली टेबलं इआरपीतल्या प्रोसीजरमधून वाचता येतात.

माणसाच्या नावावर ठेवू नका. ते बहुतेक वेळा ठरवून होतच नाही. ज्यानं डेटाबेस बनवला किंवा रिस्टोअर केला, तो मालक होतो. तो नोकरी सोडून गेला की लॉगिन काढताना १५१७४ ही एरर येते. त्याचं विंडोज खातं आधीच गेलं असेल तर मालकाच्या नावानं चालणारा कोड १५४०४ देऊन थांबतो. तो सिस्अ‍ॅडमिन असेल तर वरचं भोकही तसंच.

आमची पसंती रिकाम्या लॉगिनला, आणि प्रत्येक डेटाबेससाठी वेगळ्या. लांब, रँडम पासवर्डचं एसक्यूएल लॉगिन बनवा, सर्व्हरवरचा एकही रोल देऊ नका, डिसेबल करा, मग 'ऑल्टर ऑथरायझेशन ऑन डेटाबेस' चालवा. बंद लॉगिनलाही मालक होता येतं. १५११० ही एरर आली तर ते लॉगिन त्या डेटाबेसात आधीच युजर आहे. तो युजर काढा. अ‍ॅप्लिकेशन जुन्या मालकाच्याच लॉगिननं जोडलं जात असेल तर मालकी बदलताच ते बंद पडेल, म्हणून त्याच बैठकीत त्या लॉगिनचा साधा युजर बनवून लागतील तेवढ्याच परवानग्या द्या. स्टँडबाय (राखीव) सर्व्हरवर लॉगिन त्याच एसआयडीनं (लॉगिनच्या आतल्या ओळख-क्रमांकानं) बनवा, आणि रिस्टोअरच्या स्क्रिप्टची शेवटची ओळ मालकी बदलण्याचीच ठेवा. नाहीतर १५५१७ ही एरर (डीबीओ सापडत नाही) दिसते.

ट्रस्टवर्दीवर विसंबलेली सीएलआर असेंब्ली (डेटाबेसात चालणारा डॉटनेट कोड) यानंतर अडू शकते. तेव्हा मालकाला अधिकार वाढवून देऊ नका. असेंब्ली सर्टिफिकेटनं साइन करून मागा.

ज्यांना डीबी-ओनर दिला आहे ते सगळे आधीच सिस्अ‍ॅडमिन असतील, तर एसए चालेल.

एमएसडीबीला (एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या, ठरावीक वेळची कामं सांभाळणाऱ्या डेटाबेसला) हात लावू नका. त्याचा मालक एसएच असतो आणि ट्रस्टवर्दी चालूच लागतं, त्यामुळे तिथे डीबी-ओनर कुणालाही देऊ नका.