नेटवर्क लायब्ररीत एरर आली तर: आतच रिट्राय की कॉलरला परत?

कनेक्शन तुटलं की लायब्ररीने (नेटवर्कवर रिक्वेस्ट पाठवणारा तयार कोड) गुपचूप रिट्राय मारायचा, म्हणजे तीच रिक्वेस्ट परत पाठवायची, का एरर सरळ कॉलरच्या, म्हणजे तिला वापरणाऱ्या कोडच्या, हातात द्यायची, यावर बरेच जण अडकतात.

वापरणाऱ्याचे कष्ट बघितले तर रिट्रायवालं बरं, एका ओळीत काम भागतं.

खरी गोची डेटाची आहे. पोस्ट रिक्वेस्ट (सर्व्हरवर नवी नोंद करायला सांगणारी) गेली, सर्व्हरने ऑर्डर नोंदवली आणि उत्तर यायच्या आधीच कनेक्शन रिसेट झालं, आता लायब्ररीला कळणार कसं की काम झालंय का नाही, ती बापडी परत पाठवते आणि ऑर्डर दोनदा पडते. गेट (डेटा वाचणं), पुट (ठरलेल्या जागी डेटा ठेवणं), डिलीट (काढून टाकणं) या रिक्वेस्टना हा धोका कमी, परत केलं तरी परिणाम तोच.

बग शोधायला एरर परत देणं कधीही सोपं, फक्त 'नेटवर्क एरर' असं मोघम नको, डीएनएस फसलं (नावावरून सर्व्हरचा पत्ता मिळाला नाही) का कनेक्ट टाइमआउट (वेळेत कनेक्शन जुळलं नाही) का रीड टाइमआउट (वेळेत उत्तर आलं नाही) हे वेगळं कळायला हवं. आतल्या रिट्रायमध्ये हे सगळं गिळलं जातं, वर १० सेकंदांचा टाइमआउट ३ वेळा म्हणजे युजर अर्धा मिनिट ताटकळतो.

नुसता डेटा वाचणारं छोटं टूल असेल तर आतला रिट्राय चालेल, दर वेळी गॅप वाढवत. पैशांचे व्यवहार असतील किंवा लायब्ररी दुसरे वापरणार असतील तर एरर परतच द्या, रिट्राय ज्याला हवा तो चालू करेल.